डॉन जॉनचा मत्सर

शेक्सपिअरचें ‘मच अडू अबाउट नथिंग’ हें आनंदपर्यवसायी नाटक बिअट्रिस व बेनेडिक यांच्या वाक्कलहासाठीं रसिकांस प्रिय आहे. त्यांतील खलपुरुष डॉन जॉन याच्याकडे मात्र फारसें कोणी लक्ष देत नाहीं. आयागोच्या शेजारीं तो अगदींच फिका दिसतो. तो बोलतो थोडें, आणि चौथ्या अंकांत जो निघून जातो तो पुन्हां रंगभूमीवर येत नाहीं. हा फिकेपणा नाटककाराच्या अनवधानामुळें राहिला, कीं त्यानें तो बुद्धिपुरस्सर ठेवला? कथेचा इतिहास पाहिला असतां या प्रश्नाचा उलगडा होतो.

निष्कलंक वधूवर खोटा आळ घेतल्याची कथा युरोपांत पूर्वींपासून परिचित होती. इटालियन कवि आरिओस्तो याच्या १५१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘ओर्लान्दो फ्युरिओसो’ या महाकाव्यांत पोलिनेसो नांवाचा सरदार राजकन्येच्या दासीला तिच्या धनिणीचा वेष देऊन सज्जांत उभी करतो, आणि राजकन्येच्या प्रियकरास तें दृश्य दाखवितो. बान्देल्लो यानें १५५४ सालच्या आपल्या कथासंग्रहांत अशीच हकीकत मेसिना शहरांत घडविली आहे. तेथें कपट रचणारा जिरोन्दो हा खुद्द नायकाचा मित्र आहे. या दोन्ही खलांस ती स्त्री स्वतःस हवी आहे. जिरोन्दोला तर पुढें पश्चात्ताप होतो, त्यास क्षमा मिळते, आणि नायिकेच्या बहिणीशीं त्याचा विवाहहि होतो.

शेक्सपिअरनें मेसिना ठेवलें, आळ ठेवला, परंतु प्रेमांतला प्रतिस्पर्धी काढून टाकला. डॉन जॉनला नायिका हीरो नको आहे. तो राजपुत्र डॉन पेड्रो याचा अनौरस बंधु. भावाविरुद्ध उठून तो हरला, आणि त्याच्या पाडावाचा मान तरुण क्लॉडिओकडे गेला. त्या तरुणाचें सुख याला पाहवत नाहीं, एवढेंच. कपटाची युक्तिहि त्याची नव्हे; ती बोराचिओ या हस्तकाची. डॉन जॉन फक्त एक हजार डुकॅट देऊं करतो.

खल असा लहान केल्यावर प्रेक्षकांची दृष्टि आपोआप त्याच्या श्रोत्यांकडे वळते. मुखवट्यांच्या नृत्याच्या रात्रीं डॉन जॉन क्लॉडिओस सुचवितो कीं, राजपुत्र स्वतःच हीरोवर अनुरक्त आहे. क्लॉडिओ तें तत्काळ खरें मानतो. ती थाप उघडकीस येते; तरी थोड्याच दिवसांनीं त्याच मुखांतून निघालेली दुसरी थापहि तो खरी मानतो, आणि या वेळीं राजपुत्रहि त्यास साथ देतो. ऐन लग्नवेदीपाशीं हीरोची विटंबना होते. जन्मदाता लिओनाटो तिच्या मरणाची इच्छा करतो.

गंमत अशी कीं, याच मेसिनांत चोरून ऐकलेल्या खोट्या संभाषणानें बिअट्रिस व बेनेडिक यांची मनें जुळतात. हत्यार तेंच, हेतु मात्र भला. कानावर पडलेल्या शब्दावर विसंबण्याची संवय साऱ्या नगरास जडलेली आहे. डॉन जॉन तिचा लाभ घेतो, इतकेंच.

पुढें १६०४ च्या सुमारास शेक्सपिअरनें हेंच बीज ‘ऑथेल्लो’ नाटकांत पेरलें. तें गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९० सालीं ‘झुंजारराव’ या रूपानें मराठी रंगभूमीवर आणलें. तेथें सत्य उशिरां कळतें व निरपराध पत्नी प्राणास मुकते. मेसिनांत मात्र रात्रीं पहारा करणारे भोळसट पहारेकरी बोराचिओची बडबड ऐकून त्यास धरतात, म्हणून हीरोची अब्रू वांचते. शहाण्यांची चूक अडाण्यांनीं निस्तरली.

शेवटीं डॉन जॉन पकडला गेल्याची वार्ता येते. त्याच्या शिक्षेचा विचार उद्यांवर टाकून मंडळी नृत्यास लागतात. या शेवटास कोणी सैल म्हणतात. मला तो योग्य वाटतो. त्याला तेथेंच दंड झाला असता, तर सर्व पाप त्याच्या माथीं मारून बाकीचे मोकळे झाले असते. आळ येतांच हीरोच्या बाजूस कोण राहिलें? तिच्यावर क्षणभरहि अविश्वास न दाखविणारी बिअट्रिस, तिचा चेहरा पाहून तिला निर्दोष ठरविणारा धर्मोपदेशक, आणि डॉन जॉनचा संशय घेणारा बेनेडिक. बाकी मेसिनाच्या भल्या माणसांनीं एका मत्सरी मनुष्याचा शब्द पुरेसा मानला.