पेशीचा कुलवृत्तांत

आपल्यापैकी अनेकांच्या घरी कपाटात कुलवृत्तांताचा एक जाड ग्रंथ असेल. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, नातू अशा शाखा फुटत जातात. मुली सासरी गेल्या की त्यांची शाखा बहुधा तिथेच थांबते. जीवसृष्टीचा इतिहासही बराच काळ असाच लिहिला गेला. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या डार्विन यांच्या ग्रंथात आकृती एकच आहे, तीही फुटत जाणाऱ्या फांद्यांची. फुटलेल्या फांद्या पुन्हा एकत्र येत नाहीत, असे धरून चालले होते.

पेशीने हा समज खोटा ठरवला. जिवाणूच्या पेशीला केंद्रक नसते. वनस्पती, प्राणी आणि बुरशी यांच्या पेशींत केंद्रक असते, बहुतेकांत ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका असतात, हिरव्या वनस्पतींत हरितलवकेही असतात. हा सारा संसार आला कोठून? १९०५ साली रशियाचे मेरेश्कोव्स्की यांनी सांगितले की, हरितलवके हे मुळात पेशीत वस्तीला आलेले स्वतंत्र नीलहरित जीव होत. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेचे आयव्हन वॉलिन यांनी तंतुकणिकांचे मूळ जिवाणूंत असल्याचे प्रतिपादन केले. दोघांचेही म्हणणे बाजूला पडले.

१९६७ साली लिन मार्गुलिस यांनी हाच विचार नव्या पुराव्यांसह मांडला. तिशीही न ओलांडलेल्या या विदुषीचा निबंध, त्यांच्याच सांगण्यानुसार, सुमारे १५ नियतकालिकांनी परत पाठवला होता. मधल्या काळात हरितलवकांत आणि तंतुकणिकांत त्यांचा स्वतःचा डीएनए सापडला होता. पुढे कार्ल वूज यांनी रायबोसोमच्या आरएनएवरून जीवांची नाती ताडून पाहण्याची रीत घातली; त्याच रीतीने १९७७ साली आर्किया हे निराळे कुळ उजेडात आले. हरितलवकांचे गोत्र नीलहरित जिवाणूंशी आणि तंतुकणिकांचे जांभळ्या जिवाणूंच्या एका गटाशी जुळले. मार्गुलिस यांचे सगळेच खरे ठरले असे मात्र नाही. पेशीची शेपटीही अशाच पाहुण्या जिवाणूपासून आली, या त्यांच्या मताला पुरावा मिळाला नाही.

मग यजमान कोण? २०१५ साली उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रतळाच्या गाळातील डीएनएमधून आर्कियांची एक शाखा समोर आली. जटिल पेशींशी तिचे नाते सर्वांत जवळचे दिसते. या कुळातला एक जीव जपानी संशोधकांनी सुमारे १२ वर्षे खपून प्रयोगशाळेत वाढवला आणि २०२० साली त्याची हकीकत प्रसिद्ध केली.

म्हणजे आपल्या पेशीला मूळ पुरुष एक नाही. निदान दोन कुळे एका घरात नांदली. आलेल्याने आपली बहुतेक जनुके गमावली, त्यांतली कित्येक यजमानाच्या केंद्रकात गेली. माणसाच्या तंतुकणिकेकडे आज ३७ जनुके आणि १६,५६९ अक्षरांचा डीएनए उरला आहे. एवढ्यावर ती एकटी जगू शकत नाही, आणि तिच्यावाचून आपलेही चालत नाही. परमुलखात पिढ्यान् पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांना, काय सोडले आणि काय जपले हा हिशेब परका वाटू नये.

आणखी एक गोष्ट. तंतुकणिका आपल्याला मिळतात त्या आईकडून. तिला तिच्या आईकडून. कपाटातल्या ग्रंथात ज्या मुलींची शाखा थांबली, त्यांची ओळ आपल्या पेशींत चालू आहे. पुढची आवृत्ती काढाल तेव्हा त्यांचीही नावे विचारून घ्या.