जुन्या घरांतील वायरिंगचे नूतनीकरण

जुन्या घरांतील वायरिंगचे नूतनीकरण म्हणजे निवासी इमारतीतील जीर्ण किंवा अपुऱ्या क्षमतेच्या विद्युततारा, फ्यूज, बटणे व अर्थिंग बदलून ही व्यवस्था सध्याच्या वीजवापरास व सुरक्षा नियमांस अनुरूप करणे होय. महाराष्ट्रात हे काम करणाऱ्या कारागिरास बोलीत 'वायरमन' म्हणतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत (आयटीआय) या क्षेत्राचे 'वीजतंत्री' व 'तारतंत्री' हे दोन वर्षांचे स्वतंत्र अभ्यासक्रम आहेत. मीटरपर्यंतची व्यवस्था वीज वितरण कंपनीच्या अखत्यारीत असते, तर मीटरनंतरच्या वायरिंगची जबाबदारी ग्राहकाची असते.

वऱ्हाडातील पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे तीर्थक्षेत्र आहे. वऱ्हाडातील अशा जुन्या गावांच्या गावठाणांत पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी खांब व सरे आणि धाब्याची किंवा कवेलूची छपरे ही घरबांधणीची पारंपरिक पद्धत आहे. ही घरे वीज येण्यापूर्वीची असल्याने त्यांत वायरिंग नंतर बसवले गेले. त्यासाठी लाकडी पट्टीवर क्लिपांनी तारा ठोकण्याची पद्धत प्रचलित होती. त्या काळी वापर काही दिवे, एखादा पंखा व रेडिओ इतकाच असे. त्यामुळे दोन छिद्रांचे प्लग, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि बारीक तारा पुरेशा ठरत. कालांतराने रबरी आवरण कडक होऊन तडकते, पट्ट्यांना उधई लागते आणि उंदीर तारा कुरतडतात.

मुख्य धोके

पहिला धोका अतिभाराचा असतो. दिव्यांच्या एका परिपथावर १० बिंदू किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार देऊ नये, असा संकेत भारतात दीर्घकाळ पाळला गेला. २३० व्होल्टवर चालणारा २,००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेतो. असे उपकरण दिव्याच्या तारेवर जोडल्यास तार तापते. फ्यूज वारंवार उडू नये म्हणून त्यात जाड तार घातल्यास हे संरक्षणही नाहीसे होते. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार थेट पिळून जोडल्यास सांधा सैल होऊन तापण्याचा संभव असतो.

दुसरा धोका विद्युतझटक्याचा असून वऱ्हाडात त्याचा संबंध कूलरशी आहे. कूलरचे पत्र्याचे शरीर, पाणी आणि पंप एकत्र असल्याने तारेचे आवरण खराब होताच पत्र्यात प्रवाह उतरतो. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा झटका लागून मृत्यू झाल्याच्या घटना घडतात, म्हणून महावितरण कूलरच्या सुरक्षित वापराविषयी आवाहन करते. अर्थिंग नसलेल्या घरात पत्र्यातील प्रवाह स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून जमिनीत जातो. हा प्रवाह सहसा अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी असतो. तो प्राणघातक ठरू शकतो, परंतु १६ अँपिअरचा फ्यूज किंवा एमसीबी त्याने उघडत नाही. एमसीबी मुख्यतः तारेचे रक्षण करते, तर माणसाच्या रक्षणासाठी अर्थिंग व ३० मिलिअँपिअर क्षमतेची आरसीसीबी या दोहोंची आवश्यकता असते.

अर्थिंग व स्थानिक माती

काळी माती ओली असताना विजेची चांगली वाहक असते. मात्र उन्हाळ्यात ती आकसून भेगाळते आणि अर्थिंगच्या नळीशी तिचा संपर्क कमी होतो. कूलर सर्वाधिक चालतात त्याच काळात अर्थिंग कमकुवत होत असल्याने खड्ड्यात नियमित पाणी घालणे आवश्यक ठरते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात माती क्षारयुक्त असल्याने लोखंडी नळी लवकर गंजते. काही ठिकाणी अर्थिंगऐवजी प्लगमधील अर्थची पिन न्यूट्रलला जोडली जाते. ही पद्धत घातक आहे, कारण न्यूट्रल तुटल्यास उपकरणाच्या धातूच्या शरीरातच वीज येते.

कायदेशीर तरतुदी

विद्युत अधिनियम, २००३ अन्वये केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने सुरक्षाविषयक विनियम केले असून २०१० च्या विनियमांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. त्यांनुसार वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवानाप्राप्त व्यक्तीकडूनच करून घ्यावे लागते. दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण जसेच्या तसे बदलण्यास ही अट लागू नाही. संपूर्ण वायरिंग बदलणे मात्र या सवलतीत बसत नाही. आयटीआयचे प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना या भिन्न गोष्टी आहेत. वापर मंजूर भारापेक्षा वाढत असल्यास वितरण कंपनीकडे भारवाढीचा अर्ज करावा लागतो.

कामाचे स्वरूप

प्रथम घरातील उपकरणांची व त्यांच्या वॅटची यादी करून परिपथ ठरवले जातात. सर्वसाधारणपणे दिव्यांसाठी १.५ चौ. मिमी, १६ अँपिअरच्या प्लगसाठी २.५ चौ. मिमी आणि वातानुकूलकासारख्या मोठ्या भारासाठी ४ चौ. मिमी तांब्याची तार वापरतात. तारांसाठी आयएस ६९४, वायरिंगसाठी आयएस ७३२ आणि अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही भारतीय मानके आहेत. मातीच्या भिंतीत खाच पाडल्यास भिंत कमकुवत होते, म्हणून तेथे भिंतीवरून पीव्हीसी नळी नेणे सोयीचे असते.

मजुरी बहुधा 'पॉइंट'नुसार ठरते. अर्थिंगचा खड्डा, आरसीसीबी व चाचणी त्या दरात अंतर्भूत आहेत की नाही, हे आधी लेखी ठरवणे हितावह असते, कारण खर्च कमी करताना हीच कामे प्रथम वगळली जातात. काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने तारांचा विद्युतरोध मोजतात. तो किमान १ मेगाओहम असावा लागतो. अर्थिंगचा रोध स्वतंत्रपणे मोजला जातो. आरसीसीबीवरील चाचणीचे बटण दाबताच पुरवठा खंडित झाला पाहिजे. ही तपासणी रहिवासी स्वतः करू शकतो आणि उन्हाळ्यात कूलर सुरू करण्यापूर्वी ती करणे उपयुक्त ठरते. मात्र या बटणाने अर्थिंगची तपासणी होत नाही, त्यासाठी वेगळे मोजमाप करावे लागते.