स्टिकर आपले, डिस्क कोणाची?

काही वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने कॉलेजसाठी जुना लॅपटॉप घेतला. एका मोठ्या कार्यालयाने काढून टाकलेल्या मालातला. दोनच दिवसांत त्याचा पडदा काळा झाला आणि कोपऱ्यात इंग्रजी ओळ उमटली, की विंडोजची ही प्रत अस्सल नाही. लॅपटॉप उलटा करून पाहिला, तर खाली विंडोज ७ चे अस्सल स्टिकर होते आणि त्यावर २५ अक्षरांची किल्ली छापलेली होती. भाचा म्हणाला, "मामू, असल माल तो इसके साथच आया था, फिर गया किधर?"

त्याचा प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर शोधताना एक इतिहास हाती लागला. त्यात तुरुंग आहे, न्यायालये आहेत आणि मालकी म्हणजे नेमके काय, हा वादही आहे.

पूर्वी नव्या संगणकाच्या खोक्यात विंडोजची डिस्क मिळत असे. पुढे उत्पादकांनी खर्च वाचवला. डिस्कऐवजी हार्ड डिस्कचाच एक कोपरा लपवून ठेवला आणि मूळ प्रणाली तिथे भरली. ग्राहकाने त्यावरून स्वतः डिस्क बनवून ठेवावी, अशी अपेक्षा होती. बहुतेकांनी ती कधीच बनवली नाही. दरम्यान २००१ साली विंडोज एक्सपीबरोबर 'ॲक्टिव्हेशन' आले. नुसती डिस्क असून भागेना, परवान्याची किल्लीही पटावी लागे. ती किल्ली यंत्रावरच्या स्टिकरवर छापलेली असे.

आता कार्यालय जुने लॅपटॉप विकते तेव्हा काय होते? आपली माहिती बाहेर जाऊ नये म्हणून हार्ड डिस्क पूर्ण पुसली जाते, आणि हे योग्यच आहे. पण त्या पुसण्यात तो लपवलेला कोपराही जातो. यंत्र उरते, स्टिकर उरते, प्रणाली जाते. मग दुकानदार हाताशी असलेली कुठली तरी प्रत घालून देतो. परवाना असलेले यंत्र अशा रीतीने बिनपरवाना प्रणालीवर चालू लागते.

नेमक्या याच जागी एरिक लंडग्रेन हा अमेरिकी माणूस उभा राहिला. कॅलिफोर्नियात ई-कचऱ्याच्या पुनर्वापराचा त्याचा व्यवसाय होता. डेल कंपनीच्या संगणकांसाठी विंडोज परत बसवण्याच्या सुमारे २८,००० डिस्क त्याने चीनमध्ये बनवून घेतल्या. फ्लोरिडातल्या एका दलालामार्फत त्या जुने संगणक दुरुस्त करून विकणाऱ्यांकडे जायच्या होत्या. २०१२ च्या सुमारास माल पकडला गेला. लंडग्रेनने गुन्हा कबूल केला. २०१७ मध्ये त्याला १५ महिन्यांचा तुरुंगवास आणि ५०,००० डॉलर दंड झाला. एप्रिल २०१८ मध्ये अपिलातही शिक्षा कायम राहिली.

वाद होता तो डिस्कच्या किमतीवर. लंडग्रेनचे म्हणणे असे, की ही प्रणाली डेलच्या ग्राहकाला फुकट उतरवून घेता येते. परवान्याशिवाय डिस्कला मोल नाही, आणि परवाना तर यंत्रासोबत आधीच आहे. सरकारी पक्षाने मात्र दुसरा आकडा मांडला. नोंदणीकृत दुरुस्ती व्यावसायिकांना मायक्रोसॉफ्टची अधिकृत डिस्क सुमारे २५ डॉलरला मिळत असे. म्हणून प्रत्येक डिस्कचे मोल २५ डॉलर, आणि एकूण ७ लाख डॉलर. न्यायालयाने हा हिशेब मानला.

लंडग्रेनला निव्वळ हुतात्मा ठरवणेही बरोबर नाही. त्याच्या डिस्कवर डेल आणि मायक्रोसॉफ्टची बोधचिन्हे हुबेहूब छापलेली होती. घेणाऱ्याला त्या कंपनीच्याच वाटाव्यात, अशी त्यांची घडण होती. मायक्रोसॉफ्टचा मुख्य आक्षेप याच फसवणुकीवर होता आणि तो खोटा म्हणता येत नाही. पण बोधचिन्हे बाजूला ठेवली तरी भाच्याचा प्रश्न उरतोच. ज्या यंत्राच्या परवान्याचे पैसे एकदा वसूल झाले, त्याची डिस्क पुन्हा २५ डॉलरची कशी?

हा वाद संगणकापेक्षा जुना आहे. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एका कादंबरीचा खटला आला होता. एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकू नये, अशी सूचना प्रकाशकाने पुस्तकात छापली होती. मेसीज या न्यूयॉर्कच्या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. न्यायालय म्हणाले, पुस्तक एकदा विकले की त्याच्या पुढच्या विक्रीची किंमत बांधून देण्याचा अधिकार कॉपीराइटमधून मिळत नाही. जुन्या पुस्तकांचा बाजार अमेरिकेत याच तत्त्वावर उभा आहे. सॉफ्टवेअर कंपन्यांनी यातून वाट काढली. आम्ही प्रत विकतच नाही, वापरण्याचा परवाना देतो, असे त्या म्हणू लागल्या.

युरोपच्या न्यायालयाने हे जसेच्या तसे स्वीकारले नाही. २०१२ मध्ये ओरॅकलविरुद्धच्या खटल्यात त्याने सांगितले, की कायमस्वरूपी परवाना पैसे घेऊन दिला असेल तर ती विक्रीच आहे आणि तो परवाना पुढे विकता येतो. मात्र विकणाऱ्याने आपली प्रत वापरणे बंद केले पाहिजे. २०१६ मध्ये लॅटव्हियातून आलेला खटला तर आपल्या विषयाच्या अगदी जवळचा होता. मूळ डिस्क खराब झाली वा हरवली, म्हणून स्वतः बनवलेली प्रत परवान्यासह विकता येईल का? उत्तर आले, कंपनीच्या परवानगीशिवाय नाही. पण त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटले, की कायदेशीरपणे परवाना घेणाऱ्याला कंपनीच्या संकेतस्थळावरून प्रणाली उतरवून घेता आली पाहिजे. थोडक्यात, डिस्क दुसऱ्याने वाटायची नाही, पण हक्कदाराला कंपनीने दार बंद करायचे नाही. मला हा तोल न्याय्य वाटतो.

पुढे तंत्रानेही हा पेच बराचसा सोडवला. २०१२ च्या विंडोज ८ पासून उत्पादक किल्ली मदरबोर्डवरच्या चिपमध्येच साठवू लागले. हार्ड डिस्क पुसली तरी ती जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून प्रणाली पेन ड्राइव्हवर घ्यावी, लॅपटॉपला आधी होती तीच आवृत्ती बसवावी, म्हणजे किल्ली आपोआप ओळखली जाते. जुना लॅपटॉप घेणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावे. दुकानदाराच्या अनोळखी प्रतीत काय दडलेले आहे, हे आपल्याला दिसत नसते.

पण आता नवा पेच आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ विशिष्ट सुरक्षा चिप आणि ठरावीक प्रोसेसर मागते. त्यामुळे असंख्य धडधाकट लॅपटॉपवर मूळ प्रणाली परत बसवता येते, पण तिला नियमित रक्षण मिळत नाही. काहींनी लिनक्सची वाट धरली आहे. अनेकांना ती माहीतच नाही.

भाच्याच्या लॅपटॉपचे काय झाले? त्याच कंपनीचा लॅपटॉप घेतलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे मूळ डिस्क होती. ती आणली, स्टिकरवरची किल्ली टाकली, फोनवरून ॲक्टिव्हेशन केले, आणि तो काळा पडदा गेला. त्याच लॅपटॉपवर त्याने शिक्षण पूर्ण केले. किल्ली आमची होती, डिस्क दुसऱ्याची. कायद्याच्या काटेकोर नजरेत आम्ही कुठे बसतो, हे मी त्याला सांगितले नाही. सेकंडहँड घेणारा माणूस बहुधा गरजू असतो. त्याने पैसे मोजून घेतलेली वस्तू पूर्णपणे त्याची व्हावी, एवढी मागणी फार मोठी नाही.