मध्यरात्रीचे नागपूर

मुंबई ते नागपूर रेल्वेचे अंतर ८३७ किलोमीटर आहे. विमान मात्र सुमारे ६८० किलोमीटरच कापते, कारण त्याला थळ घाट चढायचा नसतो की भुसावळला वळायचे नसते. आजचे जेट विमान दीड तासाच्या आत पोचते. १९४९ साली डाकोटा विमानाला याच अंतरासाठी अडीच तास लागत. त्या अडीच तासांवर एक विलक्षण वेळापत्रक उभे होते.

जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास (आजचे चेन्नई) येथून रोज रात्री एकेक विमान निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. संध्याकाळी गिरगावात पेटीत पडलेले पत्र सकाळी कलकत्त्यात उतरू शके. त्याच वर्षी रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, साध्या पत्रांनाही जादा तिकीट न लावता विमानाने नेण्याची योजना आली.

पण नागपूरच का? ‘ते देशाच्या मध्यावर आहे’ हे उत्तर वर्गात पटकन मिळते, पण ते अर्धवट आहे. नकाशावर मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास या दोन रेषा विद्यार्थ्यांना काढायला सांगा. त्या वर्ध्याच्या आसपास छेदतात! बहिर्वक्र चौकोनात चारही शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज कर्णांच्या छेदनबिंदूपाशी सर्वांत कमी असते. सिद्धता अगदी सोपी आहे: कोणताही दुसरा बिंदू घेतला, तर त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी, एवढेच वापरावे लागते. नागपूर त्या बिंदूपासून साठेक किलोमीटरच बाजूला आहे. त्यामुळे मुंबईहून नागपूरमार्गे कलकत्त्याला जाताना सरळ रेषेपेक्षा पाच किलोमीटरही जास्त पडत नाहीत. मुंबई-दिल्ली पत्राला मात्र जवळजवळ चारशे किलोमीटरचा वळसा पडे. रात्र एकच असल्याने तो कोणाला जाणवत नसे.

चारही अंतरे मात्र सारखी नाहीत. नागपूरहून दिल्ली सुमारे ८५५, मद्रास ९१० आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. ताशी २७० किलोमीटर वेग धरला, तर कलकत्त्याच्या विमानाला तीन तास चाळीस मिनिटे लागतात. सर्वांना एकाच वेळी पोचवायचे, तर मुंबईचे विमान तासाभराने उशिरा सोडता येते. गणिताच्या तासाला याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

खाजगी कंपन्यांनी सुरू केलेली ही सेवा १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि सत्तरच्या दशकात बंद झाली.

लालबाग-परळच्या चाळींत मात्र या वेगाचा फारसा उपयोग नव्हता. गिरणीकामगार मोठ्या संख्येने रत्नागिरी जिल्ह्यातले. रत्नागिरी सरळ रेषेत जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर, म्हणजे नागपूरच्या एकतृतीयांश. पण तिथे रेल्वे नव्हती आणि विमानही नव्हते. गावाकडची चिठ्ठी बोटीने नाहीतर घाटरस्त्याने यायची, आणि पावसाळ्यात बोटी बंदच असत. मुंबईहून रेल्वेने थेट रत्नागिरीला जाता येऊ लागले ते नव्वदच्या दशकात.