डिझर्टेशनमध्ये कमी गुण पडले, तर पीएचडीचा रस्ता बंद होतो का?

एमए, एमएस्सी किंवा एमकॉमचा निकाल लागतो. बाकीचे पेपर बरे गेलेले असतात, पण डिझर्टेशनच्या, म्हणजेच संशोधन प्रकल्पाच्या रकान्यात अपेक्षेपेक्षा बरेच कमी गुण दिसतात. साहजिकच प्रश्न पडतो की आता पीएचडीला अर्ज करून उपयोग आहे का?

बुलढाणा जिल्ह्यातली महाविद्यालयं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. पण पीएचडी प्रवेशाच्या किमान अटी विद्यापीठ अनुदान आयोग, म्हणजे यूजीसी, देशभरासाठी ठरवतं. त्या अटी काय सांगतात?

कोणते गुण बघितले जातात?

यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर पदवीत एकूण किमान ५५ टक्के किंवा तेवढी ग्रेड लागते. एससी, एसटी, ओबीसी (नॉन-क्रिमीलेअर), दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना ५ टक्के सवलत आहे. डिझर्टेशनसाठी वेगळी गुणांची अट या नियमांत नाही.

म्हणून आधी हिशोब करावा. राज्याच्या नव्या शैक्षणिक आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची आहे आणि त्यात संशोधन प्रकल्पाला १० क्रेडिट आहेत. समजा प्रकल्पात ४५ टक्के पडले आणि उरलेल्या ७८ क्रेडिटची सरासरी ६२ टक्के आहे, तर एकूण साधारण ६० टक्के होतात. म्हणजे अडचण नाही. पण तीच सरासरी ५६ असेल, तर एकूण ५४.७५ वर येतं आणि खुल्या प्रवर्गातला विद्यार्थी पाव टक्क्याने बाहेर राहतो. नेट परीक्षेच्या नियमांत तर हे ५५ टक्के पूर्णांकात न बदलता धरायचे, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. ग्रेड पॉइंटचे टक्के काढताना आपल्या विद्यापीठाचं सूत्रच वापरावं.

प्रवेश कसा ठरतो?

पात्रता पूर्ण झाली की निवडीत वजन प्रवेश परीक्षेला आणि मुलाखतीला असतं. विद्यापीठाच्या स्वतःच्या परीक्षेला सगळे 'पेट' म्हणतात. यूजीसीच्या नियमांनुसार तिच्यात निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर आणि निम्मे विषयावर असतात. पात्र ठरायला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ५ टक्के सवलत मिळते. गुणवत्ता यादीत परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं.

दुसरा मार्ग नेटचा. जून २०२४ पासून नेटचे निकाल तीन गटांत लागतात. जेआरएफ मिळालेल्यांचा प्रवेश मुलाखतीवर ठरतो. उरलेल्या दोन गटांसाठी नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखत ३० टक्के धरली जाते. या दोन गटांत पीएचडी प्रवेशासाठी निकाल एकच वर्ष चालतो, त्यामुळे विद्यापीठाच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं लागतं.

मुलाखतीत कमी गुणांबद्दल विचारलं तर?

उत्तर तयार असावं आणि ते खरं असावं. गुण कशामुळे गेले हे आधी मार्गदर्शकांना विचारून घ्यावं. नमुने कमी होते, संदर्भवाचन तोकडं होतं, की लेखन घाईत झालं? जी उणीव होती, तिथूनच नवा प्रस्ताव उभा करता येतो.

समजा, कुणी एमएस्सीला लोणार सरोवराच्या पाण्यावर प्रकल्प केला आणि एकाच ऋतूत नमुने घेतले म्हणून गुण गेले. जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्यामागे खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव असल्याचं दिसलं. उन्हाळ्यात पाणी आटून खारटपणा वाढला होता. पुढे रंग पुन्हा बदलला. म्हणजे इथे ऋतू बदलला की निष्कर्ष बदलू शकतो. 'त्या वेळी एकाच ऋतूत नमुने घेतले, आता वर्षभर घेणार' हे उत्तर परीक्षकांना पटू शकतं.

परीक्षकांच्या आक्षेपानंतर काम सुधारण्याचं एक मोठं उदाहरण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मार्च १९२३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला दिलेला रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध आधी स्वीकारला गेला नव्हता. ऑगस्टमध्ये त्यांनी तो पुन्हा सादर केला आणि नोव्हेंबरमध्ये तो मान्य झाला.

परदेशात अर्ज करायचा असेल तर?

तिथे डिझर्टेशनकडे जास्त बारकाईने बघतात. ब्रिटनमध्ये एक वर्षाच्या मास्टर्सच्या १८० क्रेडिटपैकी साधारण ६० क्रेडिट डिझर्टेशनचे असतात. मार्कशीटमध्ये प्रत्येक पेपर वेगळा दिसतो. अशा वेळी संशोधन सहायक म्हणून काम आणि ते काम जवळून पाहिलेल्या प्राध्यापकांचं शिफारसपत्र उपयोगी पडतं.

५५ टक्केच होत नसतील तर?

पुनर्मूल्यांकन किंवा श्रेणीसुधाराची सोय आहे का, हे विद्यापीठाच्या परीक्षा विभागात लगेच विचारावं, कारण अर्जाची मुदत कमी असते. तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे, त्यामुळे बाकीच्या पेपरांचे गुणही तपासून घ्यावेत. तेही जमलं नाही, तर दुसऱ्या पदव्युत्तर पदवीचा पर्याय उरतो.

मात्र 'घरबसल्या ऑनलाइन पीएचडी'च्या जाहिरातींपासून लांब राहावं. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएचडी देण्याची परवानगी यूजीसीच्या नियमांत नाही. नोकरी करणाऱ्यांसाठी अर्धवेळ पीएचडीची सोय आहे आणि तिला नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं.