तळटीप १२ : बर्मा रिसर्च सोसायटी

१२. बर्मा रिसर्च सोसायटी : ब्रह्मदेशाची भाषा, इतिहास, धर्म आणि कला यांच्या अभ्यासासाठी रंगून येथे १९१० साली स्थापन झालेली विद्वत्सभा. सनदी अधिकारी जे. एस. फर्निव्हल हे तिचे प्रमुख प्रवर्तक. संस्थेचे नियतकालिक १९११ पासून निघू लागले. इंग्रज अधिकाऱ्यांइतकाच ब्रह्मी पंडितांचाही या कामात मोलाचा वाटा होता, हे विसरता कामा नये. पे मौंग टिन यांनी गॉर्डन ल्यूस यांच्यासह ब्रह्मी राजांच्या ‘काचमहाल बखरी’तील काही भागांचे इंग्रजी भाषांतर १९२३ मध्ये प्रसिद्ध केले. ती बखर कोनबाँग घराण्याच्या आश्रयाने रचली गेली होती. त्याच घराण्याचा शेवटचा राजा थिबा १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत रत्नागिरीत इंग्रजांच्या नजरकैदेत होता. देश जिंकून राजाला हद्दपार करणाऱ्या सत्तेच्या छत्राखालीच त्याच्या पूर्वजांच्या इतिहासाचे संशोधन चालले होते. या अभ्यासाचे मोल मान्य करतानाही ही विसंगती ध्यानात ठेवली पाहिजे.

मराठी वाचकाने १९१० हे वर्ष विशेष लक्षात ठेवावे. त्याच वर्षी पुण्यात वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले आणि लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहू लागले. हैदराबाद संस्थानात मात्र पुरातत्त्व खाते १९१४ मध्ये गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली सुरू झाले.