भीती पुसली जात नाही, आवरली जाते

कुत्रा चावलेला माणूस पुढे अनेक वर्षे नुसत्या भुंकण्यानेही दचकतो. ही भीती सवयीने वा उपचारांनी ओसरली, की मेंदूतील मूळ आठवणच नाहीशी झाली असावी, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ती आठवण मुख्यत्वे कायम राहते. मेंदू तिच्या जोडीला एक नवी आठवण तयार करतो. या प्रक्रियेस ‘भीतीचे विलोपन’ म्हणतात.

रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना याचा सुगावा फार पूर्वी लागला होता. शिकवलेली प्रतिक्रिया मावळल्यानंतरही काही काळाने आपोआप परतते, असे त्यांच्या १९२७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नमूद आहे.

धोक्याची खूणगाठ बांधण्यात मेंदूतील बदामाच्या आकाराच्या ‘अमिग्डला’ या भागाचा मोठा वाटा असतो. त्याला लगाम घालण्याचे काम कपाळामागील ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स’ हा भाग करतो. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. विशिष्ट ध्वनीबरोबर विजेचा सौम्य झटका देऊन उंदरांना त्या ध्वनीची भीती शिकविण्यात आली. नंतर झटका न देता तोच ध्वनी वारंवार ऐकविला, तेव्हा भीती ओसरली. दुसऱ्या दिवशी तो ध्वनी ऐकताच प्रीफ्रंटल भागातील काही चेतापेशी सक्रिय झाल्या. ज्या उंदरांत हा प्रतिसाद अधिक होता, ते कमी घाबरले. माणसांच्या मेंदूचे एफएमआरआय तंत्राने केलेले चित्रणही याला दुजोरा देते.

सुरक्षिततेची ही नवी आठवण स्थळकाळाशी घट्ट बांधलेली असते. ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग परिस्थितीची नोंद ठेवतो. त्यामुळे दवाखान्यात नाहीशी झालेली भीती रस्त्यावर पुन्हा उसळू शकते. अनेक रुग्ण अशा वेळी निराश होऊन उपचार सोडतात. वास्तविक, भीती परतणे हे उपचार फसल्याचे लक्षण नव्हे. नव्या आठवणीला आणखी सरावाची गरज आहे, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणूनच भीतीला टप्प्याटप्प्याने आणि निरनिराळ्या ठिकाणी सामोरे जाणे हितकर ठरते. सतत टाळाटाळ केल्यास ‘येथे धोका नाही’ हे शिकण्याची संधीच मेंदूला मिळत नाही. भीतीमुळे दैनंदिन व्यवहार अडत असतील, तर हा सराव मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करावा.